व्हर्लिन स्ट्राउड आणि डावा गुडघा

"हसणं राहू दे, बुटांचा तळ दाखव."

नवा खेळाडू दारात आला की व्हर्लिन स्ट्राउड आधी हेच म्हणायचा. आमच्या क्लेबर्न गावाच्या बास्केटबॉल संघाचा तो प्रशिक्षक. अमेरिकेतल्या आमच्या इंडियाना राज्यात मका कापून झाला, शेतं उघडी पडली, की संध्याकाळी सगळं गाव जिमच्या दिव्यांकडे ओढलं जातं. मी तिथं तिकीटखिडकीवर बसायचो, त्यामुळे व्हर्लिनचा संशयी स्वभाव मी फार जवळून पाहिला. तळ एका बाजूनं झिजलेला दिसला की आतला दुखरा पाय त्याला कळायचा.

त्या वर्षी संघात एकच जागा उरली होती. क्लबच्या अध्यक्षा आयनेझबाईंनी त्याला बजावलं होतं, "यंदाही मागे पडलो, तर मी दुसरा प्रशिक्षक शोधीन."

अशात सेड्रिक व्हिटलो आला. मोठ्या शहरांत गाजलेला, चाळिशीला टेकलेला, आता कुठल्याच संघाचा नसलेला. पायात कोरे बूट.

"नवे का?" व्हर्लिननं विचारलं.

"जुने फाटले, कोच."

"बरे वेळेवर फाटले."

सरावात सेड्रिकनं टाकलेला चेंडू जाळीतून असा उतरायचा, की बघणारा श्वास घ्यायचा विसरावा. व्हर्लिन मात्र त्याच्या पायांकडेच बघत होता.

कराराआधी खेळाडूला चर्चच्या तळघरात जेवायला बोलवायचं, ही आमची रीत. घराघरातून जेवणाची भरलेली भांडी येतात. तळघराचा जिना फार उभ्या उताराचा आहे. सेड्रिकनं आयनेझबाईंना हात दिला आणि कठडा धरून त्यांना खाली आणलं. बायका खूश.

व्हर्लिन माझ्या कानाशी पुटपुटला, "कोण कोणाला उतरवतंय बघ."

जेवणानंतर तो सेड्रिकला म्हणाला, "पोरा, माझ्या गाडीत सफरचंदाच्या रसाची पेटी आहे. आणतोस?"

दोन्ही हातांत पेटी घेऊन सेड्रिक जिन्याच्या तोंडाशी थबकला. मग एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरला. खाली व्हर्लिन उभाच होता.

"डावा गुडघा?"

"डावा."

"लपवलास."

"सांगितलं असतं तर जेवायला तरी बोलावलं असतंत का, कोच?"

व्हर्लिननं पेटी घेतली. करार केला नाही.

"तुला माणसात भोकच दिसतं," आयनेझबाई म्हणाल्या.

"असतं म्हणून दिसतं."

शेजारच्या वेल्डन गावच्या प्रशिक्षकानं सेड्रिकला एवढंच विचारलं, की किती वेळ खेळता येईल? त्यांनी त्याला घेतलं. सामनाभर बाकावर बसवायचे, शेवटच्या काही मिनिटांपुरते उतरवायचे.

हिवाळ्याच्या अखेरीस वेल्डन आमच्याकडे आलं. हा सामना गेला की यंदाचा हंगामही गेला, हे गावाला ठाऊक होतं. आम्ही पुढे होतो. शेवटी सेड्रिक उतरला. धावला जवळजवळ नाहीच. कुंपणाच्या खांबासारखा एका जागी उभा राहिला आणि तिथून चेंडू जाळीत टाकत गेला. आम्ही हरलो.

माझ्या खिडकीपाशी आयनेझबाई थांबल्या होत्या. व्हर्लिननं गळ्यातली शिट्टी काढून त्यांच्या हातात ठेवली.

"गुडघा गेलेलाच आहे त्याचा," तो म्हणाला.

"गेलाय ना. मी कुठं नाही म्हणते?"

तो बाहेर पडला आणि बर्फ तुडवत गाड्यांच्या रांगेपलीकडे निघून गेला. वेल्डनच्या बसच्या पायरीवर, गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधून बसलेला सेड्रिक, व्हर्लिन दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला.