एका कापडाला एकच हात

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशीही नाही—आणि गोष्ट तर त्याच्याच आईची. सहा वर्षं झाली, तरी आठवलं की डोकं भणाणतं. राग कुणाचा, ते सांगते. पण जरा दमानं.

इथं परदेशात, पाया लेबारच्या ऑफिसात माझं कामच मुळी लोकांच्या थापा पकडण्याचं—खोटे पत्ते, खोट्या सह्या. त्यात मी तरबेज! शनिवारी विरंगुळा म्हणून बेडोकच्या कम्युनिटी क्लबमध्ये शिबोरी शिकायला जायचे. शिबोरी म्हणजे जपान्यांची बांधणी. कापडाची चिमूट उचलायची, दोरा करकचून गुंडाळायचा, गाठ मारायची. अशा शेकडो गाठी मारून कापड निळ्या रंगात बुडवायचं. दोरे सोडले की गाठीगाठीच्या जागी पांढरं कडं उमटतं. गाठ सैल असली तर रंग आत शिरतो आणि कडं फिसकटतं. आमच्या बाई, हारुको सान, सत्तरीच्या. त्यांचा नियम एकच—एका कापडाला एकच हात. प्रत्येकीची ओढ वेगळी. दुसरीचा हात लागला की कापड चुगली करतं.

मी वीतभर बांधलं आणि कंटाळले.

सासूबाई तेव्हा मिरजेहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. बाराव्या मजल्यावर दिवसभर एकट्या. शेजारणीची भाषा कळेना, नात शाळेत, आम्ही दोघं कामावर. एक दिवस घरी येते तर माझं कापड त्यांच्या मांडीवर! तेव्हाच नियम सांगायला हवा होता ना? नाही सांगितला. आयतं होतंय, कशाला बोला? सहा आठवडे त्या बांधत होत्या. दोऱ्यानं बोट चिरलं, तर तूप लावून पुन्हा बसल्या. ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी, एक इकडची तिकडे नाही. या घरात त्यांचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं—ते कापड. हे मला दिसत होतं. दिसत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

क्लबात आमच्या कामाचं छोटंसं प्रदर्शन होतं. सासूबाई इस्त्रीची साडी नेसून, नातीचा—ईराचा—हात धरून आल्या. हारुको सान माझ्या कापडापाशी थांबल्या. बोट फिरवलं. म्हणाल्या, यात दोन हात आहेत. हा मोठा भाग अप्रतिम. ही कडेची वीतभर पट्टी कुणाची?

मी काय म्हणाले असेन? नुसती गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण मी हसले—हो, हसले—आणि इंग्रजीत म्हणाले, "ती माझ्या सासूबाईंची. नको म्हटलं तरी हात घालतात."

ईरा इथल्या पोरांच्या इंग्रजीत ओरडली, "नो लाह! आजी डिड द नाइस वन!"

मी तिच्याकडे असं पाहिलं की पोर जागच्या जागी मिटली. नऊ वर्षांची होती. तिनंच मग आजीला मोडक्यातोडक्या मराठीत सगळं सांगितलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग हारुको सानकडे वळून मान डोलावली—हो, ती पट्टी माझीच.

का? भांडायचं होतं ना! चारचौघांत माझं थोबाड फोडायचं होतं! त्यांच्या त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो. बघा, काय निर्लज्ज बाई आहे मी—त्यांनी मला वाचवलं, त्याचाही मलाच राग.

हारुको सान प्रेमळ होत्या. त्यांनी कात्रीनं ती पट्टी नीट कापून काढली आणि वाकून, दोन्ही हातांनी, आठवण म्हणून सासूबाईंना दिली. माझा गबाळेपणा त्यांनीही दोन्ही हातांनी घेतला. उरलेलं कापड बाईंनी फ्रेम करून भिंतीवर लावलं. आता त्यात माझी एकही गाठ नाही. खाली नाव माझं.

घरी आल्यावर मी उरलेला दोरा सासूबाईंपुढे ठेवला, नवं कापड ठेवलं. "नको गं, तुझ्यात लुडबुड कशाला," एवढंच म्हणाल्या. परत जाईपर्यंत त्यांनी दोऱ्याला हात लावला नाही.

जायच्या आदल्या दिवशी म्हणाल्या, मला क्लबात ने. फ्रेमसमोर किती तरी वेळ उभ्या होत्या. मग पर्समधून मोबाइल काढला आणि मला म्हणाल्या, "तू उभी राहा तिथं. फोटो काढते. मिरजेत दाखवायला होईल."

मी केस सारखे केले आणि उभी राहिले.