फक्रुद्दीनची सासू

फक्रुद्दीनशी माझी ओळख भांडणातून झाली. माझी लाकडाची वखार आहे. त्यानं नेलेल्या मालात एक फळी गाठाळ निघाली, तर हा गडी ती खांद्यावर टाकून परत आला आणि माझ्या टेबलावर आपटून तिचे दोन तुकडे केले. टेबलाचेही केले. "हिच्यावरनं माणूस पाण्यात गेला तर वीरेशशेठ, तू येणार हाईस व्हय काढायला?" असं वर मलाच विचारलं. आम्ही व्यापारी माणसं, पण कोल्हापूरची. मीही मनसोक्त शिव्या दिल्या. मग चहा झाला, आणि तेव्हापासून त्याचं सगळं लाकूड माझ्याकडूनच जायचं.

तलावाच्या काठी कुणी बंगला बांधला की त्याला पाण्यात लाकडी धक्का लागतो. होडी लावायला, संध्याकाळी खुर्च्या टाकून बसायला, पाहुण्यांचे फोटो काढायला. ते धक्के बांधायचे आणि मोडकळीला आलेले दुरुस्त करायचे, हा फक्रुद्दीनचा धंदा. दुरुस्तीची त्याची रीत निराळी होती. आधी तो घण घेऊन जुन्या धक्क्यावर तुटून पडायचा. फळ्या उडायच्या, खिळे उडायचे, मालकाची बायको घाबरून आत पळायची. मालक ओरडला की हा म्हणायचा, "जे मोडायचं ते माझ्या हातानं मोडू दे. उद्या पावण्याच्या पायाखाली मोडायला नगं."

हात तर असा चालायचा की विचारू नका. गड्यांशी मारामारी, ट्रकवाल्यांशी मारामारी, एकदा तर लग्नाच्या पंगतीत पांढऱ्या रश्श्यावरून. त्याची बायको मेहमुदा म्हणायची, "हे घरातनं निघाले की मी आधी हळद काढून ठेवते."

धक्क्याचे खांब तळात ठोकायला त्याच्याकडे एक सांगाडा होता. तीन वासे वर एकत्र बांधलेले, मध्ये कप्पी, कप्पीवरून दोर आणि दोराला दोन माणसांच्या वजनाचा लोखंडी ठोकळा. गडी दोर ओढून ठोकळा वर चढवायचे आणि सोडला की तो धाडकन खांबाच्या डोक्यावर. या ठोकळ्याचं नाव सासू. का, ते सुनांना विचारा. "सासू चढवा!" आणि "सासू सोडा!" हे हुकूम पार पलीकडच्या काठाला ऐकू जायचे. मेहमुदाच्या आईला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा तिनं जावयाशी बोलणं टाकलं होतं.

दोराचं शेवटचं टोक मात्र फक्रुद्दीन स्वतःच्या हातात ठेवायचा, जमिनीत रोवलेल्या लोखंडी खुंटाला एक वेढा देऊन. सोडायचं कधी ते तो ठरवणार. खांब खाली जात असेल तोवर ठोकायचा. तळाशी खडक लागला की आवाज बदलतो, सासू वर उडते. मग फक्रुद्दीन हात झटकून म्हणायचा, "खांब न्हाय म्हणला. बास."

राधानगरीच्या वाटेवर एका तलावाकाठी आण्णानं जागा घेतली. आण्णा म्हणजे कुणाचा थोरला भाऊ नव्हे. ज्याच्या मागं चार गाड्या धावतात त्याला आमच्याकडे आण्णा म्हणतात. त्यानं जागेला तारेचं कुंपण घातलं आणि गावातल्या म्हशींची पाण्यावर जायची जुनी वाट कुंपणात गेली. त्या कुंपणाचे खांब फक्रुद्दीननंच ठोकले. धक्क्याचं कामही त्यालाच मिळालं.

त्या गावात जोतीराम म्हणून एक दुधाचा धंदा करणारा होता. त्याची म्हैस मोना. दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवून, मोरपिसं लावून तो तिला मिरवायचा आणि त्याच्या मोटारसायकलचा हॉर्न वाजला की मोना गर्दीतून वाट काढत मागं धावायची. बक्षिसंही मिळवायची. वाट बंद झाल्यावर म्हशी कुंपणाच्या बाजूनं पाण्यावर जायला लागल्या. तिथं गाळ होता. मोना त्यात मानेपर्यंत रुतली. गावानं दोर लावून ओढली, पण तिचा जीव तिथंच गेला. जोतीराम तिच्या शिंगाला धरून गुरासारखाच ओरडत होता, असं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं भर उन्हात फक्रुद्दीनच्या फळ्यांचा ढीग पेटवला. फक्रुद्दीन पहार घेऊन धावला आणि त्यानं जोतीरामचं डाव्या खांद्याजवळचं हाड मोडलं.

"अरे, त्याची म्हैस मेली. तुला काही वाटलं नाही?" मी विचारलं.

"वाटलं की. पर फळ्या माझ्या हुत्या."

दोघंही एकाच मातीचे. नाद करायचा नाही असले.

जळालेल्या फळ्यांच्या बदली माल घेऊन मी ट्रकबरोबर गेलो, तो दिवस मला जन्मात विसरता येणार नाही. आण्णा काठावर खुर्ची टाकून बसला होता, आजूबाजूला त्याची माणसं. चिखलात उभा केलेला खांब ठोकून ठोकून छातीएवढा उरला होता. सासू वर चढली होती. तेवढ्यात कुंपणाची तार तोडून जोतीराम आत आला. डावा हात गळ्यात बांधलेला. मागं त्याचा धाकटा भाऊ गुंडू आणि काठ्या घेतलेला गाव. जोतीराम सरळ चिखलात उतरला आणि त्यानं खांबाच्या माथ्यावर गाल टेकला.

"सोड की रं!" तो ओरडला. "सोड तुझी सासू! माझी म्हस खाल्लीस, आता मला खा!"

गडी घाबरून दोर टाकून पळाले. सगळा भार एकदम फक्रुद्दीनच्या हातांवर आला. तो खुंटापर्यंत फरफटत गेला, मग खुंटाला पाय लावून त्यानं दोर धरला. सासू हिसका खाऊन जोतीरामच्या डोक्यावर लोंबकळत राहिली.

"सोड!" आण्णा खुर्चीतून ओरडला. "डोकं आपसूक काढंल त्यो!"

"न्हाय काढायचा, आण्णा! जोत्या हाय त्यो! त्येच्या जागी मी बी काढलं नसतं!"

आण्णाच्या एका माणसानं मागून त्याच्या पाठीत काठी घातली. "आण्णा सांगत्यात ते ऐकू येत न्हाय व्हय?" ते बघून गुंडूला वाटलं, आता हा सोडतोय. तो समोरून आला आणि त्यानं फक्रुद्दीनच्या हातावर काठी हाणली. "सोडशील तर बघ! जित्ता ठेवणार न्हाय!" म्हणजे एक मारत होता सोड म्हणून, दुसरा मारत होता सोडू नको म्हणून, आणि दोघांचा मार एकाच माणसाला. असला गाढवपणा मी आयुष्यात पाहिला नाही. ज्या हातानं भावाचा जीव धरला होता तोच हात गुंडू फोडत होता.

"दोर बांधा!" फक्रुद्दीन ओरडत होता. "आरं कुणीतरी दोर बांधा!" पण तोपर्यंत दगड सुरू झाले होते. कुणाच्या डोक्यातून रक्त वाहत होतं, कुणी चिखलात लोळत गळे धरले होते, आण्णाची खुर्ची उलटली होती. मी दोराकडे धावलो. वाटेतच एक दगड कपाळावर बसला आणि मी मटकन खाली बसलो. डोळ्यांत रक्त उतरलं. त्यातून जेवढं दिसलं तेवढं सांगतो.

त्याचं उजवं मनगट मोडलं. तो आवाज मला ऐकू आला. दोर हातभर सरकला, सासू हातभर खाली आली, गावानं किंकाळी फोडली आणि फक्रुद्दीनला आणखी मारलं. त्यानं दोर कमरेमागून घेतला, खाली बसला आणि शेवट दातांत धरला. आता त्याला बोलताही येईना. काठ्या पडत होत्या, कमरेवर सदरा फाटून दोर कातडीत शिरत होता. या माणसानं सगळा जन्म हात उगारण्यात घालवला होता, आणि आज चारी बाजूंनी मार खात होता तरी उलट एक हात उचलू शकत नव्हता. मी बसल्या जागी रडत होतो, हे सांगायला मला लाज नाही.

जोतीरामचा गाल खांबावर होता आणि तोंड फक्रुद्दीनकडं. एवढ्या गर्दीत या दोघांनाच एकमेकांचं तोंड दिसत होतं. जोतीरामनं लाल झालेला दोर पाहिला. दोर चावत धरलेले दात पाहिले. त्यांच्यावर काठी उगारलेला आपला भाऊ पाहिला.

"गुंड्या!" तो ओरडला. "मारू नगंस! आरं माझा जीव हाय त्येच्या तोंडात!"

आणि डोकं काढून तो मागच्या मागं चिखलात पडला.

फक्रुद्दीननं दात उघडले. सासू आली. एवढा मोठा आवाज झाला की हाणामारी जागच्या जागी थांबली. खांब तसूभरही हलला नाही. सासू उडाली आणि बाजूला चिखलात रुतली. जिथं थोड्या वेळापूर्वी जोतीरामचा गाल होता तिथं लाकडाच्या चिरफाळ्या झाल्या होत्या. गुंडू त्या चिरफाळ्यांकडं बघत राहिला आणि त्याच्या हातातली काठी गळाली.

फक्रुद्दीननं रक्ताबरोबर दोन दात थुंकले. "न्हाय म्हणला," तो पुटपुटला आणि आडवा झाला.

दवाखान्यात हवालदार जबाब घ्यायला आला तेव्हा मेहमुदा उशाशी होती, मी कपाळाला पट्टी बांधून स्टुलावर होतो, आणि दारात जोतीराम आणि गुंडू उभे होते. गुंडूचं तोंड पांढरं पडलं होतं. आण्णाच्या माणसांची नावं घेऊन साक्ष द्यायला कुणी येणार नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गुंडूला मात्र कुणी वाली नव्हता. फक्रुद्दीननं एक नाव घेतलं असतं तर गुंडूचा मुक्काम कळंब्याच्या तुरुंगात हलला असता.

"कुणी मारलं?" हवालदारानं विचारलं.

फक्रुद्दीननं गुंडूकडं बघितलं. मग बोळक्या तोंडानं म्हणाला, "सासूनं."

"सासूनं?"

"व्हय सायेब. लई जड हाय."

हवालदारानं मेहमुदाकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत अंगार उतरला. आईचं नाव असं जबाबात जाणार म्हटल्यावर दुसरं काय होणार? तिनं नवऱ्याचं सुजलेलं तोंड पाहिलं, दारातला गुंडू पाहिला आणि पदर खोचून म्हणाली, "व्हय. आमची आईच तसली हाय."

हवालदार कपाळावर हात मारून गेला. जोतीराम पुढं आला. आभारबिभार काही नाही. "माझा खांदा मी इसरलेलो न्हाय," म्हणाला.

"इसरू बी नगंस. फळ्या मी बी इसरलो न्हाय." फक्रुद्दीन म्हणाला. "त्या कुंपणाचं खांब मी ठोकल्यात, जोत्या. जे मोडायचं ते माझ्याच हातानं मोडाय पायजे." त्यानं प्लास्टर घातलेला हात उचलून बघितला आणि परत खाली ठेवला. त्या हाताची मूठ आता पुरी मिटणार नाही, असं डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते.

गुंडू दारातून आत आला, खाटेशेजारी खाली बसला आणि त्यानं आपले दोन्ही हात फक्रुद्दीनच्या पुढ्यात चादरीवर ठेवले.

"हे घ्या की मग," तो म्हणाला. "लई वंगाळ हाईत. पर घण उचलत्यात."