पेशी का नाचत होत्या

पडद्यावर पुन्हा धुकं होतं. सकाळी नऊला फोकस केलेल्या पेशी साडेदहाला नुसते राखाडी डाग झाल्या होत्या. हा सलग तिसरा आठवडा.

मी सेल बायॉलॉजिस्ट आहे. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत लाइव्ह-सेल इमेजिंगची साधनं बनवते, म्हणजे जिवंत पेशी मायक्रोस्कोपखाली पाहण्याची. मेलेल्या पेशींचं काम सोपं असतं; त्या कुठे जात नाहीत. जिवंत पेशींना शरीराइतकी ऊब लागते, आणि एका पेशीच्या दोन होताना पाहायचं तर दिवसभर दर दोन मिनिटांनी फोटो लागतो. त्यासाठी मी काचेच्या डिशखाली बसणारा छोटा हीटर बनवला होता. पेशी खुशीत होत्या. फोटो मात्र धड येत नव्हते.

विभागप्रमुख कुलकर्णी मॅडमनी सांगून टाकलं, की येत्या सोमवारपासून मायक्रोस्कोप काही दिवस दुसऱ्या गटाकडे जाणार. तोवर एक अख्खी फिल्म दाखवा, नाहीतर हा प्रकल्प थांबवा.

मग एक दिवस मी फोटो घेतलेच नाहीत. थर्मामीटर घेऊन बसले. एसी चालू झाला की मायक्रोस्कोपचं धातूचं अंग किंचित आकसायचं, बंद झाला की प्रसरण पावायचं. केसाच्या जाडीचा अगदी छोटा अंश, पण पेशी फोकसबाहेर जायला तेवढा पुरतो. नुसती डिश गरम करून भागणार नव्हतं. अख्खा मायक्रोस्कोपच उबदार पेटीत ठेवायला हवा होता. तयार पेट्या आमच्या जुन्या मॉडेलला बसत नव्हत्या.

शनिवार पेठेत गायकवाडकाका अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या आणि ट्रॉफीच्या पेट्या बनवतात. त्यांना सगळं समजावलं. त्यांनी विचारलं,

"म्हणजे जे डोळ्यांना दिसतच नाही, त्याच्यासाठी एवढी मोठी पेटी?"

तरीही दुसऱ्या दिवशी ते स्वतः लॅबमध्ये आले. दोन तास मापं घेतली, कागदाचा नमुना कापून लावून पाहिला. गुरुवारी काकांनी पेटी बसवली. आत गरम हवा फिरवणारा पंखा लावला. फोकस जागचा हलेना. पण आता सगळ्या पेशी एकदम थरथरत होत्या, जणू वरातीत नाचताहेत. "आता या का नाचताहेत?" मी म्हटलं.

काकांनी टेबलावर तळहात ठेवला आणि जरा वेळ तसाच राहू दिला.

"ताई, पेशी नाही नाचत. तुमचा पंखा नाचतोय."

शुक्रवारी पंखा वेगळ्या स्टुलावर गेला. गरम हवा मऊ नळीतून पेटीत आणली. शनिवारी सकाळी फोटो सुरू केले आणि मन घट्ट करून घरी गेले.

रविवारी सकाळी फिल्म उघडली. एक पेशी गोल झाली. तिच्यातली चमकणारी गुणसूत्रं मधोमध रांगेत आली, क्षणभर थांबली आणि दोन बाजूंना सरकली. कंबर आवळावी तशी पेशी आवळत गेली, आणि एकीच्या दोन झाल्या. पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत सगळं लख्ख. मी फिल्म चार वेळा पाहिली. मग काकांना फोन केला.

ते काकूंना घेऊन कर्वेनगरहून आले. काकूंनी ठेवणीतली साडी नेसली होती. दोघं पडद्यासमोर बसले. फिल्म संपल्यावर काकूंनी विचारलं, "यातली आई कुठे गेली?"

मी म्हटलं, "दोघींत वाटली गेली."

"हां," काकू म्हणाल्या. "दोन मुली झाल्यावर माझंही तेच झालं."

काका इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. मीही हसले, तीन आठवड्यांनी पहिल्यांदा.

सोमवारी मॅडमनी फिल्म शेवटपर्यंत पाहिली आणि "ठीक आहे" म्हणाल्या. आमच्या विभागात याला टाळ्यांचा कडकडाट समजतात. प्रकल्प चालू राहिला, आणि मायक्रोस्कोप घ्यायला आलेल्या गटाने पेटीसकटच तो मागितला.

तेव्हापासून एक नियम पाळते. उपकरण बिघडलंय असं वाटलं, की स्क्रूड्रायव्हर उचलण्याआधी त्याच्या शेजाऱ्यांची चौकशी करते. बहुतेक वेळा तक्रार तिथलीच असते.