घाटातली झोप आणि अण्णांचा टर्बो

गॅरेजात अकरा वर्षं काढली की कपड्यांवरचे डाग जातात, किस्से जात नाहीत. चार मित्र जमले, चहा आला, की मी कुठलंही बोलणं नाशिकच्या द्वारका चौकातल्या त्या गॅरेजकडे वळवतो. बायको म्हणते, "झालं, सुटला यांचा ट्रक." सुटू दे की. अण्णा मिस्त्रींची इतकी आठवण येते, की कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

*

मी तिथं क्लार्क होतो. ऐंशीनंतर आमच्याकडे ट्रकांना टर्बो बसवून घ्यायला लोक येऊ लागले. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो जास्त हवा कोंबतो, म्हणून जास्त डिझेल जाळता येतं. पण हवेच्या आधी डिझेल आलं तर काळा धूर, आणि हवा एकदम आली तर मागून कुणी लाथ घातल्यासारखा धक्का. अण्णा त्याची स्प्रिंग अर्धा-अर्धा आटा फिरवून असं जुळवायचे, की ताकद कधी चढली ते कळूही नये.

एकदा ट्रायलला मी शेजारी बसलो आणि कसारा घाट चढताना चक्क झोपलो. जाग आली ती गॅरेजच्या दारात. म्हटलं, गेली नोकरी. अण्णा ट्रकच्या मालकाला सांगत होते, "गाडी पास. सोनवणे झोपला."

त्या दिवसापासून घाटात झोपणं माझ्या ड्यूटीत आलं.

*

सायखेड्याचे रंगनाथशेठ, कांद्याचे व्यापारी, टर्बो बसवल्यावर आठच दिवसांत तणतणत आले. "अण्णा, टर्बो बसवला म्हन्ता, पन कळत तर कायच नाय. आमच्या गावातल्या दुसऱ्या गाडीचा कसा लय दणका हाय."

अण्णांनी विचारलं, "घाटात गिअर किती वेळा टाकला?"

"दोनदा."

"आणि पूर्वी?"

"पाच-सहादा तरी."

"मग तुमची तक्रार नक्की काय आहे?"

शेठ बाकड्यावर टेकले. मग म्हणाले, "चहा सांगा."

*

ओझरच्या विमान कारखान्यातले देशमुखसाहेब हौसेनं रविवारी यायचे. एकदा त्यांनी हवेचा दाब दाखवणारा मीटरच आणला आणि केबिनमध्ये लावला. घाटात काटा कसा सरळ चढतोय, हे ते कौतुकानं दाखवत होते. मी शेजारी झोपलो होतो. अर्ध्या घाटात मला जाग आली.

अण्णांनी लगेच गाडी बाजूला घेतली.

साहेब वैतागले. "अहो, मीटरवर विश्वास ठेवणार की या क्लार्कवर?"

"साहेब, मीटर उत्तमच आहे तुमचा," अण्णा म्हणाले, "पण त्याला झोप येत नाही."

बॉनेट उघडलं. हवेच्या नळीला बारीक चीर गेली होती. पुढच्या रविवारी साहेब मीटर घरी ठेवून आले.

*

आता दिलीपचं. तो अण्णांचा एकुलता एक मुलगा. अर्ध्या आट्याचं ते गणित अण्णांनी फक्त त्यालाच शिकवलं होतं. पण वय वीस, त्याला दणका हवा. त्यानं एका मित्राच्या गाडीची स्प्रिंग परस्पर आवळली. चढावर गाडी अशी उसळली, की द्राक्षाच्या दोन पेट्या रस्त्यावर. अण्णा ड्रायव्हरांच्या घोळक्यासमोर त्याला म्हणाले, "तुला इंजिन नको, फटाके हवेत. जा, दुकान टाक."

दिलीप जो गेला तो गेलाच. मनमाड स्टेशनवर कुणाला तरी दिसला म्हणे, एवढंच. पत्र नाही, निरोप नाही.

दिलीपची आई, म्हणजे आमच्या काकू, दुपारी अण्णांचा डबा घेऊन यायच्या. त्यांचे डोळे कायम लाल असायचे. एकदा त्या गेल्यावर अण्णांनी मला विचारलं, "सोनवणे, तुला झोप लागते तरी कशी रे? तुझी काकू दोन वर्षं झाली, डोळ्याला डोळा लावत नाही. जरा खट्ट झालं की दार उघडायला धावते. चूक माझी, आणि जागते ती."

मग ते पाना शोधायला लागले. पाना हातातच होता.

*

आणि मग तो इंदूरचा ट्रक. मुंबईहून परत निघाला होता, ब्रेकचं ऑइल गळत होतं म्हणून द्वारकेला थांबला. टर्बोशी आमचा काही संबंध नव्हता. ब्रेकची ट्रायल घ्यायला अण्णा कसाऱ्याला निघाले, मी सवयीनं शेजारी बसलो आणि सवयीनं झोपलो.

घाट चढून झाल्यावर अण्णांनी मला हलवून उठवलं. चेहरा उतरलेला. "झोपलास?"

"हो. का?"

"याचा टर्बो मी लावलेला नाही."

गॅरेजवर येताच त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, हे काम कुणी केलं. तो म्हणाला, "है एक लड़का इंदौर में. आपके नासिक का ही है. हम बोले, थोड़ा झटका रखो. वो बोला, नहीं, गाड़ी में कोई सोया होगा तो उसकी नींद नहीं टूटनी चाहिए."

अण्णा स्टुलावर बसले. पाणी प्यायले. मग उठून तडक घरी गेले आणि काकूंना घेऊन आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तिला सांगू नकोस. दुसराच कुणी निघाला तर ती मरेल."

काकू म्हणाल्या, "अहो, जन्मात कधी ट्रकात बसवलं नाहीत, आजच काय?"

"ट्रायल आहे. ओझरपर्यंत जाऊन येऊ."

ड्रायव्हरनं गाडी काढली. काकू खिडकीशी, मध्ये अण्णा, अलीकडे मी. आडगाव मागे पडलं आणि काकूंची मान अण्णांच्या खांद्यावर आली. लहान मुलासारख्या तोंड उघडं टाकून झोपल्या. अण्णा हलले नाहीत. खांद्यावरचा पदर सरकला होता, तोही त्यांनी सारखा केला नाही.

ओझरला ड्रायव्हरनं वेग कमी केला आणि हळूच विचारलं, "अण्णा, ओझर आ गया. काकी को उठाऊँ?"

"गाडी कुठं चालली आहे?"

"इंदौर."

"मग उठवायचं कशाला?"