अडुळशाची वाटलेली पानं

आते गेल्याचा फोन आला तेव्हा मी लोअर परळच्या ऑफिसात डबा उघडून बसले होते. तिनं अकरा दिवस हॉस्पिटलात काढल्यावर काय ऐकावं लागणार हे माहीत होतं, तरी डब्याचं झाकण काही नीट लागेना...

आते म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. लालबागच्या चाळीत, माझ्या माहेरच्याच मजल्यावर, टोकाच्या खोलीत एकटी राहायची. दारासमोर पत्र्याच्या डब्यात अडुळसा होता, गावाहून फांदी आणून लावलेला. त्याच्या पांढऱ्या फुलात तळाशी गोड थेंब असतो, तो चोखायला आम्ही पोरं टपलेली असायचो आणि तिची बोलणी खायचो. तांदळाला किडे लागू नयेत म्हणून चार पानं डब्यात जायची, पण खरा उपयोग खोकल्याला. पानं वाफवून, पाट्यावर वाटून, फडक्यातून रस पिळायचा आणि मधातून द्यायचा. कडू जहर! कफ मात्र सुटायचा. तरी मागेल त्याला पान मिळत नसे. "खोकून दाखव बघू," म्हणायची, कान देऊन ऐकायची, मग विचारायची, "कधीपासून?" गरोदर बाईला पान नाही, आणि खोकला पंधरा दिवसांवरचा असेल तर कुणालाच नाही. "डॉक्टरकडे जा गो. ह्यांना मी वर्षभर रसच पाजत बसले." आतोबा गिरणीत होते, छातीनंच गेले. तेव्हापासूनचा तिचा हा नियम.

यंदा गणपतीत गेले तर झाडाला शेंड्याचीच पानं उरलेली. "आते, पानं कुठे गेली?" तर म्हणते, "वाटली गो सगळी." मी समजले, नेहमीप्रमाणे चाळभर वाटली. "थोडी झाडावर ठेव की, दानशूर बाई!" अशी वर थट्टाही केली. ती हसली, हसता हसता खोकली. "कधीपासून?" मी विचारलं. "कालपासून." पुढच्या रविवारी विचारलं, तर तेव्हाही कालपासूनच. आणि मी तेवढ्यावर घरी आले.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, त्यांनाही तिनं तेच उत्तर दिलं. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, फुप्फुसातली गाठ फार वाढलीय, आधी आणायला हवं होतं. संध्याकाळी तिचे कपडे न्यायला खोलीवर गेले, तर पाट्याच्या खाचांत हिरवा चोथा वाळून बसलेला. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला, की चाळीत नव्हती वाटली, पाट्यावर वाटली होती. स्वतःसाठी. एवढं साधं मराठी मला कळू नये? तिचाही राग आला, अजून येतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! आतोबांच्या वेळी जे ऐकलं ते पुन्हा ऐकायची भीती वाटली असणार तिला. पण मला तरी सांगायचं होतंस ना गं, आते...

अडुळशाचा तो डबा आता माझ्या दादरच्या खिडकीत आहे. नवी पानं फुटलीत. परवा शेजारच्या वहिनी दारात आल्या, "दोन पानं द्याल? खोकला झालाय."

"कधीपासून?"

"कालपासूनच हो."

मी पायात चपला सरकवल्या. "चला, डॉक्टरकडे. मी येते सोबत."