चाँदबीचं सव्वादोन

घाटनांदूरच्या बायकांचे हात बारीक असतात, अशी घाटनांदुरात गेली तीस वर्षं समजूत आहे. ती पसरवली चाँदबी मणियारनं, आणि ती साफ खोटी आहे.

बाजारगल्लीत चाँदबीचं बांगड्यांचं दुकान. एकीनं आत बसावं, दुसरीनं उंबऱ्यावर, तिसरीनं उन्हात उभं राहून बोलत राहावं, एवढीच जागा. काचेच्या बांगडीची मापं सव्वादोन, दोन-सहा, अडीच, दोन-दहा अशी चढत जातात. सव्वादोन हे नव्या नवरीचं माप. पण चाँदबीपुढे कुठल्याही वयाची बाई येऊन बसली, की चाँदबी तिचा हात दोन्ही हातांत घेणार, अंगठ्याच्या बुडाशी दाबून बघणार, गल्लीत ऐकू जाईल असं म्हणणार, "सव्वादोन!" आणि मागे हात घालून अडीचचा नाहीतर दोन-दहाचा डबा काढणार. डब्यांवरच्या मापाच्या चिठ्ठ्या तिनं कधीच फाडून टाकल्यात. कुठल्या डब्यात काय, ते फक्त तिला ठाऊक. एखादी बाई अंबाजोगाईला गेली आणि तिथं तोऱ्यात सव्वादोन मागितल्या, की त्या मुठीवरच अडकायच्या. मग ती परत येऊन सांगायची, "अंबाजोगाईचा माल लई बारीक येतो बाई." चाँदबी गंभीरपणे मान हलवायची.

हा सगळा खोटेपणा सुरू झाला तो सत्यभामाबाईंपायी. त्या आणि चाँदबी एकाच वर्षी गावात नवऱ्या होऊन आल्या. सत्यभामाबाई जमीनजुमल्याच्या घरात, चाँदबी मणियाराच्या दोन खोल्यांत. सासूच्या हाताखाली चाँदबीनं ज्या पहिल्या हातात बांगड्या भरल्या, तो हात सत्यभामाबाईंचा होता. तेव्हा सव्वादोन खरोखरच सव्वादोन होतं. पुढे तिसऱ्या बाळंतपणानंतर सत्यभामाबाई आल्या त्या चांगल्या भरून आल्या. चाँदबी तेव्हा खरं बोलणारी. ती म्हणाली, "अडीच." शेजारी बसलेल्या त्यांच्या जाऊबाई, वच्छलाबाई, फिसकन हसल्या. सत्यभामाबाईंचे डोळे भरलेले चाँदबीनं पाहिले. तीन लेकरं काढून, घर सांभाळून बाईनं वर आकड्यासाठी लाजायचं, याचा तिला असा संताप आला की तिनं त्याच दिवशी चिठ्ठ्या फाडल्या.

तेव्हापासून तिनं गावातले हजारो हात धरले. पोरीचा हात दाबला की वेताच्या फोकासारखा वाकतो. सातव्या महिन्यात तो सुजतो, तेव्हा बांगडी सैल भरायची, नाहीतर बाळंतपणात काढताना रडारड. बाळंतपणानंतर हात जुन्या मापावर परत येतो असं सगळ्या म्हणतात. चाँदबीनं तसा हात अजून पाहिलेला नाही. चाळिशीनंतर मनगट भरतं, पाळी गेली की आणखी भरतं, मग बाई काही खावो न खावो. कापूस वेचणारीचे सांधे जाड होतात. आणि सत्तरीत हात पुन्हा वाळतो, पण सांधे जाडच राहतात. बांगडी मुठीतून जाता जात नाही आणि एकदा गेली की मनगटावर लोंबत राहते. चाँदबीला यात वाईट काहीच दिसत नसे. माणूस जगलं की हात बदलणारच, असं ती सुनेला, शाईस्ताला शिकवायची. आकडा आपण ओळखायचा आणि गिळायचा, हेही शिकवायची.

परवाच्या मार्गशीर्षात वच्छलाबाईंच्या मुलीचं लग्न निघालं. चाँदबी आणि शाईस्ता पेट्या घेऊन लग्नघरी गेल्या. नवरीचा चुडा झाला, करवल्या झाल्या, मग सत्यभामाबाई पाटावर येऊन बसल्या. साठी ओलांडलेली बाई, पण चेहरा उजळलेला. बायका म्हणाल्या, "काकू, लई बारीक झालाव! काय खाता तरी काय?"

"काय न्हाई गं. सकाळी स्टेशनापस्तोर चालते," सत्यभामाबाई खुशीत म्हणाल्या.

चाँदबीनं हात धरला आणि तिचं हसू मावळलं. नागपंचमीला याच हातात तिनं साबण लावून दोन-दहा भरल्या होत्या. आता दोन-दहा कोपरापर्यंत धावली. अडीच तशीच. दोन-सहा न दाबता गेली. चार महिन्यांत दोन डबे. या वयाचा भरलेला हात इतक्या झपाट्यानं असा आपोआप उतरत नाही.

"तहान लागती का लई?" तिनं हळूच विचारलं.

"लागती की. घागरभर पानी पुरंना झालंय."

चाँदबीला तिची धाकटी बहीण हुस्ना आठवली. दिंद्रुडला दिलेली. तीन वर्षांपूर्वी ईदेला हुस्नाच्या बांगड्या अशाच सैल झाल्या होत्या. चाँदबीनं तिला चिडवलं होतं, "तरणी झालीस गं," आणि हौसेनं बारीक माप भरलं होतं. साखर रक्तात चढलीये हे कळेपर्यंत हुस्ना हातची गेली होती. त्या दिवशीचं स्वतःचं हसणं चाँदबीनं स्वतःला कधी माफ केलं नव्हतं.

"सत्यभामाबाई, उद्याच्याला दवाखान्यात दाखवा."

"कावून? मला काय झालंय?"

"हात उतरलाय तुमचा."

"कुठं उतरलाय? सव्वादोनच हाय की! तीस वर्सं झाली, तूच सांगतीस. माप हाय तेच हाय, मग मी बारीक झाले कुठं? चालून जरा अंग हलकं झालंय, दुसरं काय. भर तू."

आता आली का पंचाईत! तीस वर्षं जपलेलं खोटं आज सत्यभामाबाईंना पटलं होतं, तेही नको त्या वेळी. खोलीत पंचवीस बायका. दारात वच्छलाबाई, तीस वर्षांपूर्वी हसलेल्या. बाजूला बोलवावं म्हटलं तर सत्यभामाबाई लग्नघरातून हलणाऱ्या नव्हत्या, आणि लग्न, मग संक्रांत, मग सुगी असं करत दवाखाना कधी येईल याचा भरवसा नव्हता. चाँदबीनं हात सोडला नाही. चाळीस वर्षं ती त्यांना अहोजाहो करत आली होती, तेही त्या घडीला सुटलं.

"सव्वादोन न्हाई तुझं माप, सत्यभामा."

"आँ?"

"तिसऱ्या लेकरापासून न्हाई. नागपंचमीला मी तुला दोन-दहा भरल्या. आज दोन-सहा जाती, ती बी साबणाबिगर. मी खोटं बोलत आले तुझ्यासंगं. पर हे खरं हाय. माझी हुस्ना अशीच गेली. तू दवाखान्यात जा, माय."

मग गल्लीतल्या बंकटची बायको, मनगटात बांगड्या रुतलेली, बारीक आवाजात म्हणाली, "मावशी, मग माझं?"

"तुझं बी न्हाई," चाँदबी म्हणाली. "कुनाचंच न्हाई."

पंचवीस बायकांनी आपापल्या मनगटांकडे पाहिलं. सत्यभामाबाईंनी हात ओढून घेतला. बांगड्या भरून झाल्या की भरणारीला हात जोडायचे, ही रीत त्यांनी चाळीस वर्षांत एकदाही मोडली नव्हती. त्या दिवशी त्या तशाच उठून आत गेल्या.

चाँदबी पेट्या बांधून घरी आली. शाईस्ता म्हणाली, "अम्मी, दुकानाचं काय आता?" चाँदबी म्हणाली, "दुकान बसू दे. ती गेली का दवाखान्यात, तेवढं बघ." दुसऱ्या दिवशी दुपारी शाईस्तानं बातमी आणली. सत्यभामाबाईंच्या सुनेनं, सत्यशीलानं, लग्नघरातलं ते सगळं कान देऊन ऐकलं होतं. नवरा अंगदला तिनं सकाळीच गाडी काढायला लावली आणि सासूला हाताला धरून अंबाजोगाईला नेलं. रक्तातली साखर साडेचारशेवर निघाली. डॉक्टर म्हणाले, आणखी महिनाभर लग्नात फिरल्या असत्या तर अवघड होतं. चाँदबी हे ऐकून दुकानातच खाली बसली आणि लहान पोरीसारखी रडली.

गावातल्या बायका मात्र रुसल्या. स्टेशनरस्त्याला हरिओमचं जनरल स्टोअर आहे, तिकडे जायला लागल्या. हरिओमकडे मापाची प्लॅस्टिकची पट्टी होती, आणि तो गडी सरळ. पट्टी हातावर चढवायचा आणि दुकानभर ओरडायचा, "दोन-दहा काढ रे!" संक्रांतीच्या आत निम्म्या बायका परत आल्या. बंकटची बायको उंबऱ्यावर बसून म्हणाली, "मावशी, मला सगळं ठाव हाय. तरी तुमी आपलं नेहमीचं म्हना." चाँदबीनं तिचा हात दाबला आणि म्हणाली, "सव्वादोन!" गल्ली पुन्हा पहिल्यासारखी झाली.

एक सत्यभामाबाई तेवढ्या आल्या नाहीत. सुई घेतात, पथ्य पाळतात, अंग धरतायत, असं सत्यशीला सांगून जायची. संक्रांत गेली, होळी गेली. चाँदबी प्रत्येक सणाला हिरव्या बांगड्यांचे तीन जोड वेगळे काढून ठेवायची, एक दोन-सहाचा, एक अडीचचा, एक दोन-दहाचा, आणि सण झाला की परत डब्यांत घालायची. तिला त्यांची आठवण यायची. येणारच, चाळीस वर्षं धरलेला हात होता तो.

चैत्रात हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी दुकान बायकांनी भरलेलं असताना सत्यभामाबाई आल्या. मागे वच्छलाबाई. बंकटच्या बायकोनं उठून जागा दिली. सत्यभामाबाई बसल्या आणि हात पुढे केला. चाँदबीनं तो दोन्ही हातांत घेतला. अंगठ्याच्या बुडाशी मांस परत आलं होतं, ऊब होती. दोन-सहा अडली. अडीच साबणानं, हलक्या हातानं, बरोबर बसली.

"किती?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

चाँदबीनं आजूबाजूच्या बायकांकडे पाहिलं. "राहू द्या की."

"सांग म्हनते ना."

"अडीच."

"मोठ्यानं सांग. वच्छलाबाईंना ऐकू गेलं न्हाई."

"अडीच!" चाँदबी म्हणाली.

सत्यभामाबाईंनी दोन्ही मनगटं वर धरून बांगड्या वाजवल्या. मग पदर सावरून त्यांनी चाँदबीला हात जोडले. खाली घेतले, आणि पुन्हा जोडले.

"दोनदा कावून?" चाँदबीनं विचारलं.

"हा आजचा. पहिला, तवाचा, लग्नघरात ऱ्हायलेला."

तेवढ्यात सत्यभामाबाईंच्या खांद्यावरून वच्छलाबाईंचा जाडजूड हात पुढे आला आणि अवघडून तिथंच थांबला. चाँदबीनं पदरानं डोळे पुसले, तो हात धरला, नेहमीसारखा दाबून पाहिला.

"सव्वादोन!" ती गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, आणि मागे हात घालून दोन-दहाचा डबा काढला.