निम्म्यात मिटवून देतो

नळदुर्गच्या हायवेला ट्रकच्या सीटा शिवणारी बाई कोण, असं विचारलं तर हैदराबादकडचे ड्रायव्हरसुद्धा महादेवीचं नाव सांगतात. दुकान मूळचं तिच्या नवऱ्याचं, शंभुलिंगचं. चार वर्षांपूर्वी केबिनमधून उतरताना तो पडला, मणका दुखावला आणि सोलापूरला ऑपरेशन करावं लागलं. तोवर घरात ब्लाऊज शिवणारी महादेवी दुकानात येऊन बसली. रेक्झिन कापडासारखं वळत नाही. सुया मोडायच्या, बोटं सोलून निघायची. शंभुलिंग बाजेवर पडून सांगायचा, ती शिवायची. वर्षभरात तिची शिलाई त्याच्यापेक्षा सरळ यायला लागली. हे पहिल्यांदा बोलून दाखवलं ते शंभुलिंगनंच.

ऑपरेशनपायी तीन ठिकाणी कर्ज झालं होतं. एक बँकेचं, एक फायनान्स कंपनीचं आणि एक क्रेडिट कार्डाचं. ओढाताण व्हायची, पण तिनं एकही हप्ता चुकवला नव्हता.

अशात मोबाइलवर जाहिरात दिसली, तुमचं कर्ज निम्म्यात मिटवून देतो. महादेवीनं फोन लावला. पलीकडची बाई गोड बोलली. "ताई, आता कुणालाच एक रुपया भरू नका. हप्ते थांबले की ते स्वतः तडजोडीला येतात. त्यांचे फोन उचलू नका. दर महिन्याला फक्त आमची फी भरा, बाकी आमचे वकील बघतील."

"न भरता कर्ज फिटंल कसं?" महादेवीनं विचारलं.

"तेच तर आमचं काम आहे, ताई."

शंभुलिंगला हे पटलं नव्हतं. पण आपल्या आजारपणानंच हे ओझं बायकोवर आलंय, या विचारानं तो गप्प राहिला.

महादेवीनं हप्ते थांबवले. आठ महिने नुसती फी जात राहिली. मधेच फायनान्स कंपनीचा वसुलीवाला दुकानात येऊन गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं बोलून गेला. महादेवीनं गोड आवाजाच्या बाईला फोन केला, तर ती म्हणाली, "असं होतंच, ताई. थोडं सोसा." पुढं त्या एका कर्जाची तडजोड खरंच झाली. हातातल्या पाटल्या मोडून महादेवीनं निम्मी रक्कम भरली, आणि त्या दिवशी भूमचा खवा आणून गुलाबजाम केले.

पुढच्याच महिन्यात तुळजापूरच्या कृष्णराजनं, ट्रॅव्हल्सच्या मालकानं, दोन बसच्या सगळ्या सीटा शिवायचं काम देऊ केलं. एवढं मोठं काम तिच्या हातात कधीच आलं नव्हतं. त्यासाठी जाड शिलाईचं मशीन हवं होतं, म्हणून ती बँकेत गेली. तिथले अधिकारी उमाशंकर यांनी तिच्या सगळ्या कर्जांची नोंद उघडली आणि पडदा तिच्याकडं वळवला.

"अक्का, इथं 'सेटल्ड' लिहिलंय," ते म्हणाले. "म्हणजे कर्ज पूर्ण फिटलेलं नाही, उरलेलं सोडून दिलंय. ही नोंद वर्षानुवर्षं राहते. असल्या नोंदीवर मला मशीनला कर्ज देता येत नाही. आणि आमचं अन् कार्डाचं तर आठ महिने काहीच आलं नाही. दंड आणि व्याज चढून रक्कम पहिल्यापेक्षा मोठी झालीय."

"पण त्यांचे वकील तुमच्यासंगं बोलत हुते न्हवं?"

"आठ महिन्यांत एक ईमेल आलाय. त्यात तुमचं नावसुद्धा चुकलंय."

घरी येऊन तिनं शंभुलिंगला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मी तवाच बोलायला पायजे हुतं." ती म्हणाली, "तुमी आता बोला. आता काय करायचं ते सांगा." दोघं संध्याकाळभर बोलत बसली.

सकाळी ती पुन्हा उमाशंकरांसमोर उभी राहिली. "साहेब, मला सूट नको. मुदत द्या."

त्यांनी मुदत वाढवून झेपेल असा हप्ता बांधून दिला. कार्डवाल्यांकडूनही तिनं तसंच करून घेतलं. मग तिनं फायनान्स कंपनीला अर्ज केला, तुम्ही सोडलेली रक्कम मी भरते, माझी नोंद पूर्ण फेड अशी करा. तिथला माणूस चक्रावला. सोडलेले पैसे भरायला आजवर त्याच्याकडं कुणी आलं नव्हतं. कृष्णराजला तिनं खरं काय ते सांगून टाकलं. तो म्हणाला, "एक बस दुसऱ्याकडं देतो, एक तुझ्यासाठी थांबवतो." ट्रॅक्टरच्या, मोटारसायकलच्या, मिळतील त्या सीटा शिवून तिनं वर्षभरात ती रक्कम भरली.

त्याच वर्षी तिनं धाराशिवच्या ग्राहक आयोगात तक्रार घातली. वकील लावला नाही, अर्ज स्वतःच्या अक्षरात लिहिला. फी घेणाऱ्या कंपनीचा वकील म्हणाला, "करारात लिहिलंय, वाद दिल्लीतच चालेल."

"साहेब, पैसे नळदुर्गातनं गेले," महादेवी म्हणाली. "वसुलीवाला नळदुर्गात माझ्या दुकानात येऊन उभा राहिला. मग म्या दिल्लीला कशाला जाऊ?"

ग्राहक जिथं राहतो तिथं तक्रार करता येते, असं अध्यक्षांनी वकिलाला सांगितलं. मग वकिलानं कराराची बावीस पानं पुढं केली. नोंद खराब होऊ शकते, फी परत मिळत नाही, सगळं त्यात होतं, खाली महादेवीची सही होती.

"हे इंग्रजीत हाय. मला मराठीत काय सांगितलं, ते ऐका," म्हणत तिनं मोबाइल काढला. ड्रायव्हर फोनवरच सीटांची मापं सांगायचे, म्हणून तिच्या मोबाइलवर प्रत्येक कॉल रेकॉर्ड व्हायचा. 'कुणालाच एक रुपया भरू नका,' हे गोड आवाजातलं वाक्य आयोगाच्या खोलीत सगळ्यांनी ऐकलं. वकिलानं पानं गोळा केली.

पुढच्या चार तारखांनंतर निकाल लागला. घेतलेली सगळी फी व्याजासह परत द्यायची, वर मनस्तापाची भरपाई वेगळी. निकालाची प्रत घेऊन महादेवी बाहेर आली आणि तिथल्याच पायरीवर बसून तिनं ती दोनदा वाचली. मग शंभुलिंगला फोन करून तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचून दाखवली. शिपाईसुद्धा थांबून ऐकत होता.

त्यानंतरच्या महिन्यात नोंद बदलली. उमाशंकरांनी मशीनचं कर्ज मंजूर केलं आणि सहीसाठी कागद पुढं सरकवला. तिनं तिथंच बसून तो ओळ न् ओळ वाचला. साहेबांना दोन ठिकाणी समजावून सांगावं लागलं. मागं रांग खोळंबली होती, पण तिनं घाई केली नाही.

कृष्णराजची बस महिनाभरात तयार झाली. पहिल्या फेरीला त्यानं तिला पुढच्या सीटवर बसायला बोलावलं, पण ती शेवटच्या रांगेत जाऊन बसली, कारण गाडी तिथंच जास्त उसळते. धाराशिव मागं पडलं, येडशीचा घाट आला. वळणावळणाला ती तळहातानं शिवण चाचपत होती. कुठंच टाका ताणला नव्हता.

शेजारी बसलेल्या म्हातारीनं विचारलं, "काय शोधतीस गं?"

"काय न्हाय, मावशी," महादेवी म्हणाली. "ही सीट म्या शिवलीया."

"व्हय? लई मऊ झालीया," म्हणत म्हातारीनं पाय वर घेतले आणि मांडी घालून बसली.